लहान पडद्यावरचा काळोख

तुमच्या घरातला टीव्ही बंद करून बघा. पडदा काळा दिसेल. आता खोलीत अंधार करा, टीव्ही चालू करा आणि त्यावर रात्रीचं एखादं चित्र लावा. रात्र काळी दिसायला हवी ना? पण साध्या टीव्हीवर ती राखाडी दिसते. असं का होतं, हा प्रश्न आमच्या शिंपलवाडीत पहिल्यांदा मला पडला, कारण त्या राखाडी रंगापायी माझी आई समुद्राच्या तळाशी अडकली होती.

मी नक्षत्रा कुबल. सहावीत आहे आणि मी काळजी करते. आई म्हणते, काळजी करायची स्पर्धा असती तर मी जिल्ह्यात पहिली आले असते. म्हणूदे. बाबा मालवाहू जहाजावर असतात, महिनोन् महिने येत नाहीत. घरात आम्ही तिघंच: आई, दिगूमामा आणि मी. आणि आई काय करते, तर आमच्या मच्छीमार सोसायटीची, एकच माणूस मावेल अशी पाणबुडी चालवते. आता तुम्हीच सांगा, मी काळजी नाही करायची तर कुणी करायची?

पाणबुडीचं काम काय ते सांगते. वादळात मच्छीमारांची जाळी तुटतात आणि हरवतात. नायलॉनचं जाळं कुजत नाही. ते तळाच्या खडकांवर पसरून वर्षानुवर्षं मासे आणि कासवं पकडत राहतं, आणि ते मासे कुणाच्याच ताटात येत नाहीत. आई खाली जाऊन असली जाळी कापून वर आणते. पाणबुडीला खिडकी नाही. खिडकी ठेवली की भिंत तेवढी कमकुवत होते आणि पाण्याचा दाब सोसत नाही. म्हणून बाहेर चार कॅमेरे आहेत आणि आत आईच्या पुढ्यात एक टीव्ही. साधाच, दुकानातून आणलेला, माझ्या दप्तराएवढा. त्याहून मोठा आत मावत नाही. वरचं गोल झाकण तर इतकं अरुंद, की आईलासुद्धा खांदे तिरके करून उतरावं लागतं.

गेल्या आठवड्यात आई अशीच खाली गेली होती. टीव्हीवर पुढे सगळं राखाडी दिसत होतं. तिला वाटलं, पुढे नुसतं पाणीच आहे. ती पुढे सरकली आणि पाणबुडीचा पंखा जाळ्यात गुरफटला. मी आणि मामा वर होडीत होतो. पाण्यातून वायरलेस चालत नाही, म्हणून पाणबुडीपासून होडीपर्यंत बोलण्यापुरती एक बारीक तार सोडलेली असते. त्या तारेतून आई सांगत होती, की ती यांत्रिक हातानं एकेक दोरा कापतेय, वेळ लागेल, आम्ही डबा खाऊन घ्यावा. तिचा आवाज इतका शांत होता की मला रडूच फुटलं. एरवी माझी आई घरात मोठ्या आवाजात बोलते. खरंच काही वाईट झालं असेल तरच ती अशी शांत होते.

आई वर आली, पण जाळं तिथेच राहिलं, आणि सोमवारी तिला परत जायचं होतं. मी म्हटलं, जाऊ नकोस. ती म्हणाली, जाळ्यात एक कासव मेलेलं दिसलं, जाळं तिथेच राहिलं तर आणखी अडकतील.

मग मी आणि मामा शहरातल्या टीव्हीच्या दुकानात गेलो. मामाला मी सांगून ठेवलं होतं, की आपल्याला चांगला टीव्ही हवा आणि तो लहान हवा. दुकानदार हसला. त्याच्याकडे लहान टीव्ही होते, ते सगळे साधे. चांगले टीव्हीही होते. त्यांच्यावर काळोख असा काळा दिसायचा की हात घालावासा वाटावा. पण त्यातला सगळ्यात लहानसुद्धा आमच्या पाणबुडीच्या झाकणातून उभा, आडवा, तिरका, कसाही गेला नसता. लहान आणि चांगला असा एकही नव्हता. बनवतच नाहीत म्हणाला. का बनवत नाहीत, ते काही त्याला सांगता येईना. मला तर उलटंच वाटत होतं. मोठा टीव्ही बनवतात त्यांना लहान बनवायला काय जड आहे?

दिगूमामाला मात्र परतीच्या वाटेवर युक्ती सुचली. मामा जाळी विणतो आणि दुरुस्त करतो. शिंपलवाडीतली निम्मी जाळी त्याच्या हातची आहेत. सोसायटीच्या हॉलमध्ये एक दाराएवढा मोठा, चांगल्यातला चांगला टीव्ही होता. होड्यांच्या शर्यतीत गावानं तो बक्षीस म्हणून मिळवला होता. शनिवारी दुपारी हॉल रिकामा बघून मामानं तो उतरवला आणि आपल्या जाळ्यांच्या शेडमध्ये आणला. खडूनं त्यावर पाणबुडीच्या झाकणाचं माप आखलं. मग काच कापायची हिऱ्याची लेखणी घेतली. मी विचारलं, मामा, हे चालेल ना?

"मोठां जाळां आणतंव आणि होडयेच्या मापान कापतंव," मामा म्हणाला. "टीव्ही काय येगळो आसा?"

आणि त्यानं कापला. मला सांगायलाही कसंतरी होतं. कर्र असा आवाज झाला, पडद्यावरून एक पांढरी रेघ धावली, तिच्यामागून आणखी शंभर धावल्या आणि मग काहीच उरलं नाही. मामानं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, प्लग काढून घातला. टीव्ही मेला होता. संध्याकाळी गाव क्रिकेटची मॅच बघायला जमणार होतं. पण मला गावाचं काही नव्हतं. आईला आता त्याच जुन्या राखाडी टीव्हीवर खाली जावं लागणार, एवढंच माझ्या डोक्यात घण मारत होतं.

नेमका तेव्हाच काचोबा बर्फ घेऊन आला. काचोबा हा सोसायटीच्या बर्फाच्या कारखान्यातला यंत्रमानव. पूर्वी तो टीव्हीचे पडदे बनवणाऱ्या एका कारखान्यात काचा उचलायचा. तिथे नवे यंत्रमानव आले, तेव्हा ह्याला काढून टाकलं आणि सोसायटीनं आणलं. अजूनही तो बर्फाची लादी अशी धरतो, जणू ती फुटली तर जगबुडी होईल. म्हणून गावानं त्याचं नाव काचोबा ठेवलं. तो सगळ्यांना, अगदी मलासुद्धा, अहो-जाहो करतो.

त्यानं लादी खाली ठेवली. कापलेला टीव्ही बघितला. त्याच्या छातीवरचा दिवा लुकलुकला.

"दिगंबरराव," तो म्हणाला, "हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

मामानं मान खाली घातली. मग मीच सगळं सांगितलं, पाणबुडीपासून दुकानापर्यंत. सांगता सांगता माझा आवाज चढला, कारण मला राग आला होता. मामाचा नव्हे, टीव्ही बनवणाऱ्यांचा. त्यांना काय धाड भरलीय, असंच म्हणाले मी. काचोबा खाली बसला आणि समजावून सांगू लागला.

आधी काळोखाचं. टीव्हीचा पडदा म्हणजे लाखो पिक्सेल (चित्राचे सगळ्यात बारीक ठिपके). साध्या टीव्हीत हे ठिपके स्वतः उजळत नाहीत. त्यांच्या मागे एक दिवा सतत जळत असतो आणि प्रत्येक ठिपका एखाद्या झडपेसारखा उघडतो किंवा मिटतो. काळा रंग दाखवायचा तर झडप मिटते. पण ती पुरती मिटत नाही, फटीतून थोडा उजेड झिरपतोच. म्हणून काळ्याच्या जागी राखाडी दिसतं. काळ्या पाण्यातला जाळ्याचा दोरा पाण्यापेक्षा अगदी किंचितच उजळ असतो. मागचं सगळंच राखाडी झालं तर तो त्यात बुडून जातो. चांगल्या टीव्हीत मात्र प्रत्येक ठिपक्याचा स्वतःचा दिवा असतो. काळं दाखवायचं तर तो दिवा विझतोच. मग फट नाही आणि झिरपणंही नाही.

मग कापण्याचं. काचोबानं मामाचं एक जाळं हातात घेतलं. जाळ्यातली प्रत्येक गाठ आपल्या जागी आपली आपण उभी असते, म्हणून कुठूनही कापा, उरलेलं जाळं जाळंच राहतं. पडद्याचं तसं नाही. प्रत्येक ठिपक्याला कधी उजळायचं आणि कधी विझायचं हे सांगणाऱ्या केसाहून बारीक तारा कडेपासून निघतात आणि या टोकाहून त्या टोकाला जातात. कड कापली की रांगाच्या रांगा बहिऱ्या होतात. शिवाय चिरेतून हवा आणि ओल आत शिरते, आणि हे ठिपके ओल सोसत नाहीत. मामा म्हणाला, एवढं तरी कुणी आधी सांगायचं. काचोबा म्हणाला, टीव्ही कापू नका असं खोक्यावर लिहावं लागेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नसावं.

मला हसू आलं, पण लगेच सोमवार आठवला. मी म्हटलं, मग टीव्हीवाले स्वतःच लहान का बनवत नाहीत?

काचोबानं विचारलं, आई नारळाच्या वड्या कशा करते ते पाहिलंय का? ताटात सारण थापायचं आणि मग सुरीनं कापायचं. टीव्हीचे पडदे तसेच होतात. कारखान्यात आधी मूळ काच (ज्या एका अखंड काचेतून पुष्कळ पडदे कापतात ती) येते. ती या शेडच्या भिंतीएवढी असते आणि जाडी नखाहून जरा जास्त. तिच्यावर ठिपके थापतात आणि मग वड्या पाडतात. यंत्रं अशी बसवलेली असतात की मोठ्या आकाराच्या मोजक्या वड्या काठोकाठ बसाव्यात, कडेचा चुरा कमीत कमी पडावा. आणि तारांची मांडणी आधीच ठरलेली असते. लहान वड्या पाडायच्या तर सगळी यंत्रं नव्यानं जुळवायला हवीत.

"आणि लहान म्हणजे सोपं, असं तुम्हाला वाटतं ना, नक्षत्राताई?" तो म्हणाला. "मोठ्या पडद्यावर त्र्याऐंशी लाख ठिपके असतात. लहान पडद्यावर तितकंच स्वच्छ चित्र हवं असेल, तर तेवढेच ठिपके तेवढ्याशा जागेत कोंबावे लागतात. ठिपका बारीक झाला की त्याची उजळायची जागाही आक्रसते. धुळीचा जो कण मोठ्या ठिपक्याच्या कोपऱ्यात खपून जातो, तो बारीक ठिपक्याचा जीवच घेतो."

इथे मामा एकदम बोलू लागला. त्याला स्वतःच्या कामाची गोष्ट सापडली होती. गेल्या वर्षी शाळेच्या तळ्यासाठी बारीक आसाचं एक छोटं, भारी दोऱ्याचं जाळं विणून द्या म्हणून गुरुजी आले होते. मामानं नाही म्हटलं होतं. आस म्हणजे जाळ्याचं भोक. आस बारीक असला की गाठी वाढतात. जाळं एवढंसं, पण गाठी मोठ्या जाळ्याइतक्याच आणि डोळे फुटायची वेळ. आणि किंमत सांगितली की समोरचा म्हणणार, एवढ्याशा जाळ्याला इतके पैसे?

"अगदी तेच," काचोबा म्हणाला. टीव्हीच्या आत एक संगणक असतो, तारा जोडायच्या खाचा असतात, आवाजाचं यंत्र असतं, आणि प्रत्येक टीव्ही तपासून बघावा लागतो. टीव्ही लहान केला म्हणून हा खर्च लहान होत नाही. म्हणजे चांगला लहान टीव्ही मोठ्यापेक्षा जरासाच स्वस्त पडतो. लोक दुकानात येतात, किंमत बघतात आणि म्हणतात, इतके मोजायचे तर मोठाच नेऊ. ज्यांना स्वयंपाकघरात बातम्या ऐकायला लहान हवा असतो, त्यांना काळा किती काळा आहे याचं काही पडलेलं नसतं. लांबून बघणाऱ्याला लहान पडद्यावरचा तो फरक कळतही नाही. म्हणून घेणारे थोडे. घेणारे थोडे म्हणून दुकानदार मागवत नाही, दुकानदार मागवत नाही म्हणून कारखाना बनवत नाही, आणि दुकानात दिसतच नाही म्हणून घेणारे आणखी थोडे.

"म्हंजे ते कारखानेवाले माझ्यासारखेच," मामा म्हणाला.

तेवढ्यात आई आली. तिनं कापलेला टीव्ही बघितला, मामाकडे बघितलं. आता घर डोक्यावर घेणार असं मला वाटलं. पण ती शांतपणे म्हणाली, असूदे, जुन्याच टीव्हीवर जाईन, जरा सांभाळून जाईन. तो शांत आवाज मला ऐकवेना.

मी शेडच्या दारात जाऊन बसले. काचोबाचं सगळं मला समजलं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. का नाही ते कळलं म्हणून आई वाचणार होती का? मी तेच तेच मनात घोळवत राहिले. कारखाना बनवत नाही, कारण घेणारे नाहीत. घेणारे नाहीत, कारण लहान हवा त्यांना चांगला नको आणि चांगला हवा त्यांना लहान नको. आणि मग मला आईचा मोबाईल आठवला. मोबाईल तर हाताएवढा. आणि त्यावरचा काळा रंग काळाकुट्ट असतो.

मी धावत आत गेले आणि काचोबाला म्हटलं, तू सांगितलंस त्यात भोक आहे. मोबाईलचा पडदा लहानही आहे आणि चांगलाही.

काचोबाचा दिवा लुकलुकला. मोबाईलचे पडदे वेगळ्या कारखान्यात होतात, तो म्हणाला, तिथली यंत्रं बारीक ठिपक्यांसाठीच केलेली असतात. मोबाईल कोट्यवधी लोक घेतात, डोळ्याजवळ धरून बघतात आणि त्यासाठी पैसे मोजतात. म्हणून तिथे तो खर्च परवडतो. पण तळहाताएवढ्या पडद्यावर चार कॅमेऱ्यांची चित्रं बसणार नाहीत.

"मग मधल्या आकाराचा?" मी विचारलं. "ज्याला लहानच लागतो आणि चांगलाच लागतो, आणि जो जवळून बघतो, असा माणूस कुठेच नाही का?"

"असतो," काचोबा सावकाश म्हणाला. "अशांसाठी थोडे पडदे बनवतात. महाग असतात. पण त्यांना टीव्ही म्हणत नाहीत, म्हणून ते टीव्हीच्या दुकानात मिळत नाहीत."

असा माणूस कोण असेल, यावर आम्ही सगळेच विचार करू लागलो. सुचलं ते आईला. लवू कांबळी, लग्नांचे फोटो काढणारे लवूकाका. नवऱ्याचा काळा कोट, काळे केस आणि नवरीच्या गळ्यातले काळे मणी हे सगळे काळे वेगवेगळे दिसले पाहिजेत, म्हणून ते प्रत्येक लग्नात सगळ्यांना उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात फिरवतात. जेवणं खोळंबतात, म्हातारी माणसं चिडतात, पण लवूकाका ऐकत नाहीत. त्यांच्या पिशवीत पाटीएवढा एक पडदा असतो आणि त्याला ते कुणाला बोट लावू देत नाहीत.

ते देतील असं मला वाटत नव्हतं, आणि आधी नाहीच म्हणाले. समुद्राचं पाणी, धक्के, ओल, काय काय सांगत होते. मग आई त्यांच्याशी बोलली. जुन्या टीव्हीवर आपल्याला काय दिसलं आणि काय दिसलं नाही, एवढंच तिनं सांगितलं. ऐकता ऐकता लवूकाकांनी पिशवीचा बंद सोडला. वर पडदा पुसायचं मऊ फडकंही दिलं आणि चारदा बजावलं, की फडकं कोरडंच वापरायचं. रविवारी काचोबानं कॅमेऱ्याच्या तारा त्याला जोडून दिल्या. पडदा झाकणातून आत गेला, तेव्हा मामानं श्वास रोखून धरला होता.

सोमवारी सकाळी आई खाली गेली. होडीत मी, मामा आणि काचोबा. मला वाटलं होतं की आता भीती वाटणार नाही. कसलं काय. तार सुटत होती आणि मी तिच्याकडेच बघत होते. पडदा बंद पडला तर? ओल शिरली तर? काचोबा माझ्या शेजारी सरकून बसला. तारेतून आईचा श्वास ऐकू येत होता. मग तोही थांबल्यासारखा झाला.

"आई?" मी म्हटलं.

"थांबलंय मी," आई म्हणाली. "गो, जाळां पुढ्यात आसा. हातभर लांब. मागच्या खेपेक ह्याच दिशेन गेल्लंय आणि काय दिसाक नाय. आता दिसता. माका सगळां दिसता, एकेक दोरो."

ती मोठ्या आवाजात बोलत होती. घरी बोलते तशी. मी तोंडावर हात दाबला आणि मामाच्या खांद्यावर डोकं टेकलं. आईनं जाळं कापलं, त्याचा गठ्ठा दोरीला बांधला आणि मामानं तो वर ओढला. कासवांचं विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं. आईनंच सांगितलं. दोन कासवं मेलेली होती. एक नुकतंच अडकलेलं होतं, ते सुटलं आणि पोहत गेलं.

परत येताना पाणबुडी होडीमागे बांधलेली होती, आई आमच्यात बसली होती आणि लवूकाकांचा पडदा मी मांडीवर घेऊन बसले होते. तो आज परत द्यायचा होता. पुढच्या खेपेला काय, हे माझ्या डोक्यात सुरू झालंच. मी काचोबाला विचारलं, आपल्यासाठी असा पडदा कधीच कुणी बनवणार नाही का?

"एका पाणबुडीसाठी नाही," तो म्हणाला. "पण घेणारे पुष्कळ झाले आणि सगळ्यांनी एकच माप मागितलं, तर यंत्रं जुळवायला परवडतात. मोबाईलचं तसंच झालं."

किनाऱ्यावर आमच्यासारख्या किती सोसायट्या आहेत, किती पाणबुड्या आहेत, मला ठाऊक नव्हतं. पण होडीवर वायरलेस होता. पाण्याखाली चालत नसला तरी पाण्यावर चांगला लांबवर पोचतो. मी आईकडे बघितलं. तिनं मानेनंच हो म्हटलं. मी बटण दाबलं आणि माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं. म्हटलं, आमच्या पाणबुडीतल्या लहान टीव्हीवर काळोख नीट दिसत नाही, तुमच्याकडे पण असंच आहे का? असेल तर आपण सगळे मिळून चांगला पडदा मागूया.

बराच वेळ नुसती खरखर होती. मामा म्हणाला, कोण ऐकतंय. मग देवगडकडून एक आवाज आला. एका मुलाचा, माझ्याहून लहान असावा.

"आमच्याकडे पण तसाच आहे," तो म्हणाला. "माझे बाबा आत्ता खाली आहेत."

पुढे तो काही बोलेना. त्याला काय होत होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी बटण घट्ट दाबून धरलं आणि म्हटलं, "मी आहे इथे. ते वर येईपर्यंत आपण बोलत राहू."